डिझेलच्या गाडीत ३१ लिटर पेट्रोल : आता दुरुस्ती किती आणि बिल कोणाचं?

पत्र :

दादा, मी चिंचवडला राहते. मागच्या रविवारी सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन कराडला माहेरी निघाले होते, गाडी मीच चालवत होते. आमची २०१८ची डिझेल सेडान आहे. खेड शिवापूरच्या पुढे हायवेवर एका पंपावर थांबले, "फुल करा" म्हणाले आणि धाकट्याला वॉशरूमला घेऊन गेले. परत आले, पैसे दिले, बिल पर्समध्ये टाकलं, निघालो. दीड-दोन किलोमीटरवर गाडी झटके द्यायला लागली, इंजिनातून खटखट आवाज, पिवळा दिवा लागला आणि बंदच पडली. चार-पाच वेळा सेल्फ मारला, नाही झाली सुरू. मग बिल काढून बघितलं तर ३१ लिटर पेट्रोल! रिक्षाने पंपावर परत गेले. भरणारा पोरगा विशीतला, रडकुंडीला आलेला. मालक म्हणाले टाकी रिकामी करून डिझेल टाकून देतो, वर ५ हजार देतो, पण "माझी काही तक्रार नाही" असं लिहून द्या, आणि नुकसान मी ह्याच्या पगारातून कापतो. मी सही केली नाही, गाडी टो करून पुण्यात सर्व्हिस सेंटरला आणली. ते म्हणतात हाय प्रेशर पंप, रेल, चारही इंजेक्टर बदलावे लागतील, १ लाख ४० हजार. इन्शुरन्सवाले म्हणतात बसत नाही. मिस्टर म्हणतात तू उतरून "डिझेल" असं का नाही सांगितलंस. मोठे दीर म्हणतात आमच्या जीपमध्ये पेट्रोल, रॉकेल काहीही चालायचं, डिझेल भर आणि चालव. प्रत्येकजण वेगळं सांगतोय, मी काय करू?

उत्तर :

ताई, पुढचं वाचायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि दोन गोष्टी सांगा. एक, कोणीही सेल्फ मारायचा नाही, "बघू जरा चालू होते का" हे अजिबात नको. दोन, माझा लेखी होकार आल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. फोन झाला की हेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकून ठेवा, म्हणजे तारीख-वेळेसकट राहतं. झालं? आता निवांत बोलू.

तुम्हाला जे तीन सल्ले मिळालेत ना, पंपमालकाचा, सर्व्हिस सेंटरचा आणि दीरांचा, त्यातला एकही तुमच्या गाडीच्या आत बघून दिलेला नाहीये. पंपमालकाला ५ हजारात मिटवायचंय, सर्व्हिस सेंटरला रिस्क नकोय, दीरांना जीप आठवतेय. गाडी आतून कशी आहे हे एकदा उघडून बघितलं की तिघांची उत्तरं आपोआप मिळतील. म्हणून आधी तपासणी, मग खर्चाचा आकडा, मग तो कोणी द्यायचा त्याचं भांडण, ह्या क्रमाने जाऊ.

आधी तुमच्या गाडीत झालं काय ते समजून घ्या, कारण पुढे पंपमालकाशी बोलताना हेच उपयोगी पडणार आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पेट्रोलचा स्वभाव उलटा, ते दाबाखाली आपोआप पेटू नये असंच बनवलेलं असतं. त्यामुळे पेट्रोल आत गेलं की ते भलत्या वेळी पेटतं किंवा पेटतच नाही, तो तुमचा खटखट आवाज आणि झटके. पण खरं दुखणं ते नाही. खरं दुखणं पंपात आहे, म्हणजे गाडीच्या हाय प्रेशर पंपात. तुमच्या गाडीचं इंजिन कॉमन रेलचं आहे, म्हणजे हा पंप दाबलेलं डिझेल रेल नावाच्या एका जाड नळीत भरतो आणि तिथून ते चारही इंजेक्टरना, म्हणजे फवारा मारणाऱ्या नोझलना जातं, त्यात डिझेलचा दाब १६०० बारच्या आसपास जातो (टायरमध्ये आपण जी हवा भरतो ती सव्वादोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज घ्या), आणि हा दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. डिझेल हाताला लावून बघा, तेलकट लागतं. पेट्रोल लावलं तर हात कोरडा पडतो. तर ह्या पंपातून पेट्रोल जाणं म्हणजे तेल न सोडता शिलाई मशीन चालवण्यासारखं आहे, फक्त मशीन कुरकुरतं आणि थांबतं, इथे लोखंडावर लोखंड घासून बारीक कीस निघतो आणि तो कीस पुढे रेलमध्ये, तिथून इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत आणि उरलेला रिटर्न पाइपने परत टाकीत. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, त्याला वंगणपणा तर नाहीच, वर ते पाणी ओढून घेतं.

दीरांना म्हणावं, तुमची जीप चालायची हे अगदी खरंय. जुन्या डिझेल गाड्यांचे पंप साध्या मेकॅनिकल पद्धतीचे होते, दाब आजच्या मानाने किरकोळ, बऱ्याच पंपांना इंजिन ऑइलचं वंगण मिळायचं, आणि हिमालयात थंडीने डिझेल गोठू नये म्हणून ड्रायव्हर लोक टाकीत रॉकेल ओततच असत. पण तो शहाणपणा त्या इंजिनापुरता होता. कॉमन रेलमध्ये "इतकं पेट्रोल चालतं" असा सुरक्षित आकडा नाहीये, आणि तुमच्या टाकीत तर चार भाग पेट्रोल आणि एखादा भाग डिझेल असा हिशोब आहे, त्यावर डिझेल ओतून पातळ करायला जागा तरी कुठेय. सो, दीरांचा सल्ला बाद.

आता तुम्ही म्हणाल मग गाडी दोन किलोमीटर गेलीच कशी. कारण टाकीत पेट्रोल पडलं तरी पाइपमध्ये आणि डिझेल फिल्टरमध्ये आधीचं चांगलं डिझेल शिल्लक असतं, ते संपेपर्यंत गाडी बिनतक्रार पळते. हे लक्षात ठेवा, कारण पंपमालक नक्की म्हणणार की "मॅडम आमच्याकडून तर गाडी व्यवस्थित चालू होऊन गेली, पुढे काय झालं आम्हाला काय माहीत". व्यवस्थित गेली ती फिल्टरमधल्या जुन्या डिझेलवर. आणि ह्यातली बरी बाजू अशी की त्या दोन किलोमीटरमधला बराचसा भाग तुमचा पंप डिझेलवरच फिरला, शुद्ध पेट्रोलवर तो शेवटी शेवटी फिरला आणि मग तुम्ही सेल्फ मारलात तेव्हा. ते चार-पाच सेल्फ नसते मारले तर जास्त बरं झालं असतं हे मी लपवत नाही, पण हायवेच्या कडेला सासूबाई आणि दोन मुलं गाडीत असताना कोणीही सेल्फ मारणारच, त्यात दोष धरण्यासारखं काही नाही, तोवर तुम्हाला पेट्रोलचं माहीतच नव्हतं.

तर तपासणी. हे सगळं तुमच्यासमोर व्हायला पाहिजे, मिस्टरांना पाठवा किंवा स्वतः जा, स्वतः गेलात तर उत्तम. पहिलं, टाकीतलं सगळं काढायचं. टाकी खाली उतरवून पूर्ण रिकामी केलेली बरी, नुसतं पाइप घालून ओढलं की तळाशी दोन-तीन लिटर राहतंच. काढलेल्यातला लिटरभर एका स्वच्छ डब्यात भरून, सील करून, त्यावर तारीख, गाडीचा नंबर, तुमची आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरची सही घेऊन त्यांच्याकडेच ठेवायला सांगा. घरी नेऊ नका प्लीज, पेट्रोल-डिझेलचं मिश्रण हे पेट्रोलइतकंच पेट घेणारं असतं, ते बाल्कनीत कॅनमध्ये ठेवायची वस्तू नाही. आणि जॉब कार्डवर साध्या शब्दांत लिहून घ्या, "टाकीत डिझेलऐवजी मुख्यतः पेट्रोल सापडलं, अंदाजे इतके लिटर". हे एक वाक्य तुमच्या पूर्ण केसमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

दुसरं, डिझेल फिल्टर काढून तो कापून उघडायला सांगा. आतलं पांढऱ्या ट्रेमध्ये किंवा पांढऱ्या फडक्यावर ओतायचं आणि उन्हात धरून बघायचं. चांदीच्या चुऱ्यासारखं काही चमकतंय का? लोहचुंबक फिरवून बघा काही चिकटतंय का. फिल्टरचा कागद काळपट असणं वेगळं, ते जुन्या फिल्टरमध्ये असतंच, चमक दिसली तर गोष्ट वेगळी. तिसरं, हाय प्रेशर पंपावर एक मीटरिंग युनिट असतं, पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, तो दोन-तीन स्क्रूंचा खेळ असतो, तो काढून त्याच्या जाळीत आणि बसायच्या जागेत चमक आहे का बघायचं. पंप आतून घासला असेल तर पहिली चुगली तिथेच होते. फिल्टरपेक्षाही ही जागा महत्त्वाची, कारण फिल्टर पंपाच्या आधी असतो आणि कीस पंपानंतर निघतो, फिल्टरपर्यंत तो यायला टाकीला वळसा घालून यावं लागतं. त्यामुळे कोणी नुसता फिल्टर दाखवून "ऑल क्लियर" म्हणालं तर खूश होऊ नका.

ह्या दोन्ही जागा स्वच्छ निघाल्या तर तुमचा १ लाख ४० हजारांचा विषय तूर्तास बंद. मग टाकी आणि पाइप ताज्या डिझेलने धुवायचे, नवा फिल्टर, दहा-पंधरा लिटर डिझेल, हाताने प्राइम करून सगळी हवा आणि उरलेलं पेट्रोल बाहेर काढायचं आणि मगच सेल्फ. सुरू झाली की स्कॅनर लावून रेल प्रेशर बघायचं, ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जेवढं मागतोय तेवढं मिळतंय का, आयडलला आणि रेस दिल्यावर, दोन्ही. आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन थोडा वेळ चालवतात, एखाद्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमा झालं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. ह्या सगळ्याचा खर्च काही हजारांत बसतो, लाखात नाही. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे कमी अंतर आणि गाडी स्वतःहून बंद पडली ह्यावरून, माझा कल असा की गाडी ह्या बाजूला निघण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे. पण माझ्या कलावर जाऊ नका, ट्रेमध्ये काय दिसतं त्यावर जा.

आणि चमक दिसली तर? तर सर्व्हिस सेंटर बरोबर आहे, आणि मग कंजुषी करायची नाही. लोक इथे एक हमखास फसणारा शॉर्टकट मारतात, नुसता पंप बदलतात. जुन्या पंपाचा कीस रेलमध्ये, पाइपमध्ये, टाकीत बसलेलाच असतो, तो नव्या पंपातून पुन्हा फिरतो आणि महिन्या-दोन महिन्यात नवा पंपही गेला. कीस निघाला असेल तर पंप, रेल, प्रेशर पाइप, इंजेक्टर आणि टाकीची सफाई हे एकच काम आहे, अर्धं करायचं नसतं. फक्त एक, सर्व्हिस सेंटर सगळं नवंच सांगणार, त्यांची सिस्टिमच तशी, ते पार्ट बदलतात, दुरुस्त करत नाहीत, त्यात लबाडी असेलच असं नाही. पण बॉश, डेल्फी अशा कंपन्यांचे अधिकृत डिझेल पंप-इंजेक्टरवाले असतात, पुणे-चिंचवड पट्ट्यात मिळतील, त्यांच्याकडे टेस्ट बेंच असतो. चारही इंजेक्टर तिथे लावून बघतात आणि छापील रिपोर्ट देतात, कोणता पास, कोणता फेल. दोन फेल असतील तर चार का बदलायचे? आठेक वर्षांच्या गाडीला हा रस्ता मला जास्त पटतो. वर तो छापील रिपोर्ट तुम्हाला पुढे भांडायलाही कामाचा.

बदललेले सगळे जुने पार्ट परत मागून घ्या, बिलाच्या वेळी नाही, काम सुरू करतानाच सांगून ठेवा. नाहीतर "स्क्रॅपमध्ये गेले मॅडम".

आता पैसे कोणाचे. मला विचाराल तर पंपाचे, आणि ५ हजार नाही, जो काही योग्य खर्च येईल तो, टोइंगसकट. तुम्ही "फुल करा" म्हणालात, कोणतं इंधन ते बोलला नाहीत, हे खरं, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. पण झाकणाच्या आतल्या बाजूला "डिझेल" लिहिलेलं असतं, ते झाकण उघडलं कोणी? त्या पोराने. गाडीला नवी एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली असेल तर समोरच्या काचेवर आतून त्याचा तिसरा स्टिकर असतो, डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, तो असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा. नोझल हातात धरणाऱ्याने गाडी कशावर चालते हे बघणं किंवा विचारणं ही त्याच्या कामाची अगदी पहिली पायरी आहे, म्हणून ही सेवेतली त्रुटी ठरते. मिस्टरांचं म्हणणं "सांगायला हवं होतं" हे पुढच्या वेळेसाठी बरोबर आहे, ह्या वेळच्या बिलासाठी नाही. (आणि त्यांना विचारा, ते स्वतः दर वेळी खाली उतरून मीटर बघतात का. मला नाही वाटत.)

पंपाकडे मागायचं तर कागद लागतात आणि ते लवकर गोळा करावे लागतात. तुमच्याकडे छापील बिल आहे हे फार मोठं काम झालंय, कारण यूपीआयच्या मेसेजमध्ये फक्त रक्कम दिसते, काय भरलं ते नाही. बिलावर बहुतेक "एमएस" असेल, ते पेट्रोल, डिझेलच्या बिलावर "एचएसडी" येतं, शिवाय दर लिटरचा भाव आणि वेळ आहे का बघा. ते थर्मल कागदाचं बिल असतं, चार-सहा महिन्यात कोरं होतं, आजच स्कॅन करून दोन-तीन ठिकाणी ठेवा. दुसरं म्हणजे सीसीटीव्ही. रेकॉर्डिंग कायम राहत नाही, काही दिवसांनी त्यावर नवं चढतं. म्हणून आजच पंपाला लेखी कळवा की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, ह्यावर माझी तक्रार आहे. ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पण पाठवा. फुटेज तुम्हाला लगेच देतीलच असं नाही, पण लेखी मागूनही नंतर "डिलीट झालं" म्हणाले तर ते त्यांच्या अंगावर येतं.

तिसरं, पंपावर तक्रार वही असते, ती मागितल्यावर द्यावी लागते, त्यात नोंद करा आणि फोटो काढा. पंपावरच्या बोर्डवर ऑइल कंपनीच्या सेल्स ऑफिसरचं नाव-नंबर लिहिलेलं असतं, त्यांना सगळं पाठवा. माझं निरीक्षण असं की पंपमालक ग्राहकाला जितकं भीत नाहीत तितकं कंपनीच्या ऑफिसरला भितात, डीलरशिपचा प्रश्न असतो. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदवा, आणि त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. घाबरू नका, हे दिवाणी कोर्टासारखं नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात केस टाकता येते, घटना घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, ज्या सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत आहे तिथे फी शून्य (तुम्ही मोजलेत तीनेक हजार), वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं. मात्र वेळ लागतो, हे मनात धरूनच जा. त्यामुळे आयोगाचा मार्ग हातात ठेवून आधी समझोता करायचा प्रयत्न करावा असं माझं मत. नोटिशीत आकडा लिहिताना सर्व्हिस सेंटरचं १ लाख ४० चं अंदाजपत्रक चिकटवू नका, तपासणी होऊ दे, प्रत्यक्ष बिल येऊ दे, मग तो खर्च, टोइंग, वाया गेलेलं इंधन, तुम्ही त्या दिवशी कराडला किंवा घरी ज्या गाडीने गेलात त्याचं भाडं असं सुटं-सुटं मांडा. फुगवलेला आकडा बघितला की समोरचा ऐकायचंच बंद करतो.

इन्शुरन्सचं म्हणाल तर ते चुकीचं सांगत नाहीयेत. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत अपघात, आग, चोरी हे असतं, यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे होणारं नुकसान वगळलेलं असतं. पण तुमच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट किंवा रोडसाइड असिस्टन्स असं काही अ‍ॅड-ऑन आहे का ते कागद काढून बघा, फोनवरच्या माणसाच्या तोंडी उत्तरावर सोडू नका. बऱ्याच रोडसाइड असिस्टन्समध्ये चुकीचं इंधन भरल्यावर गाडी ओढून न्यायचा खर्च बसतो, म्हणजे निदान टोइंग तरी सुटेल.

आता त्या पोराचं. तुम्ही पत्रात ते लिहिलंत म्हणून बरं वाटलं, कारण बहुतेक पत्रांमध्ये "त्याला चांगला झापला" एवढंच असतं. हे बघा, कामावर असताना नोकराकडून झालेल्या चुकीला ग्राहकापुढे जबाबदार मालक असतो. पोराच्या पगारातून कापून तो १० वर्षांत तरी फेडेल का, आणि उन्हातान्हात उभं राहून रोज शेकडो गाड्या भरणाऱ्या माणसाची एक चूक होणारच हे धरून मालकाने व्यवस्था करायला पाहिजे, ट्रेनिंग द्यायला पाहिजे, भरायच्या आधी तोंडी विचारायची सवय लावायला पाहिजे. म्हणून तुमच्या प्रत्येक पत्रात तक्रार पंपाविरुद्ध लिहा, पोराचं नाव घालू नका, "आपल्या कर्मचाऱ्याने" एवढं पुरे. आणि एक ओळ सरळ लिहा की ही भरपाई मी पंपचालकाकडून मागतेय, कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल केलेली मला नकोय. ह्याने कापणं थांबेलच असं मी म्हणत नाही, पण मालकाला तुमच्यापुढे त्याची ढाल करता येणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण ह्या पत्रानंतर "आमचं उलट झालं तर" असं विचारणारे असतातच. पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर त्रास होतो, प्लग काळे पडतात, धूर येतो, गाडी सुरू होत नाही, पण तिथे त्या दाबाचा नाजूक पंप सहसा नसतो त्यामुळे टाकी-पाइप धुऊन, प्लग साफ करून किंवा बदलून बहुतेक वेळा निभावतं, फक्त तशीच रेटत राहिलात तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाऊ शकतो आणि तो स्वस्त नाही. बाइकमध्ये डिझेल गेलं तर टाकी ओता, प्लग पुसा, घरी जा. सगळ्यात वाईट तिसरा प्रकार, नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी काहींमध्ये डीईएफ नावाचं युरियाचं पाणी घालायची वेगळी टाकी असते, झाकण निळं असतं, ते पाणी चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर त्याचे खडे होतात आणि धातू गंजतो, तिथे तर चावीला हातही लावू नका.

आणि पंपावरच लक्षात आलं, गाडी अजून सुरू केली नसेल, तर तुम्ही नशीबवान आहात हो. इग्निशन ऑन करायचं नाही, नुसतं ऑन केलं तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप फिरायला लागतो. चावीची गाडी असेल तर स्टिअरिंग सुटेल इतकाच पहिला खटका, बटणाची असेल तर क्लच-ब्रेक न दाबता एकदाच बटण, न्यूट्रल, आणि चार जणांनी ढकलून कडेला. तिथून टो. पंपवाले म्हणतील "आमचा मेकॅनिक इथेच काढतो", काढू दे हवं तर, पण फिल्टर बदलल्याशिवाय आणि पाइप रिकामे केल्याशिवाय सेल्फ मारू द्यायचा नाही.

ताई, शेवटचं त्या कागदाविषयी, कारण तपासणीत गाडी स्वच्छ निघाली की पंपमालक पुन्हा तोच कागद घेऊन येणार, ह्या वेळी जरा गोड बोलून आणि १०-१५ हजार घेऊन. खर्च तेवढ्यात भागत असेल तर पैसे घ्या, पण "माझी काही तक्रार नाही" हे वाक्य लिहू नका. पैसे आधी बँकेत येऊ द्या, मग लिहा की अमुक तारखेला डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेल्यामुळे आजवर झालेला दुरुस्तीचा अमुक खर्च मिळाला, आणि पुढे त्याच कारणाने पंप किंवा इंजेक्टरमध्ये बिघाड निघाल्यास मागणीचा हक्क राखून ठेवते. त्यांना ते आवडणार नाही, म्हणतील मग ६ महिन्यांची मुदत घाला. घाला. तेवढ्या दिवसांत ५ हजार किलोमीटर होतील, तेव्हा फिल्टर पुन्हा एकदा काढून, कापून, पांढऱ्या फडक्यावर बघून घ्या.